चोवीस चकत्या आणि एक जुनं मशीन

कारखान्यात नेमकं काय करता, असं कोणी विचारलं की मी सांगते, "एक मशीन चालू ठेवते." ऐकणाऱ्याला वाटतं, 'चालवते' म्हणायचं होतं, चुकून तोंडातून भलतंच गेलं. चुकून काही गेलेलं नसतं. चालवायचं कसं ते सोमवारी शिकवलं तर मंगळवारपासून कोणीही चालवील. चालू ठेवायला यादी लागते.

यादीशिवाय माझं पान हलत नाही. घरी वाण्याची, इस्त्रीची, माहेरी न्यायच्या डब्यांची, कारखान्यात मशीनची. मशीनच्या यादीत सतरा मुद्दे होते. रोज सकाळी ते एकेक तपासून मी पेन्सिलने खूण करायचे. आमचे फिटर म्हात्रेकाका म्हणायचे, "यी बाय सर्गान गेली तरी पयला दाराचे बिजागरीला तेल हाय का ता बघल, मंग आत जाल." काका दिवा स्टेशनकडच्या एका जुन्या गावातले, आगरी. पंचावन्न पार केलेले. अख्ख्या कारखान्यात माझी थट्टा करायची परवानगी त्यांनाच होती, म्हणजे ती त्यांनी कधी मागितलीच नव्हती.

कारखाना ठाण्याला, वागळे इस्टेटमध्ये. मोठ्या कंपन्यांना लागणारे साचे आणि सुटे भाग आम्ही करत असू. मालक कर्णिक साहेब, हुशार आणि कमालीचे अधीर. ऐंशीच्या सुरुवातीला मी तिथे ट्रेसर म्हणून लागले. इंजिनियरने पेन्सिलीने काढलेल्या चित्रावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि त्याच रेषा शाईने पुन्हा ओढायच्या, मग अमोनियाच्या यंत्रातून त्याच्या निळ्या प्रती काढायच्या. डोळ्यांतून पाणी काढणारा तो वास साडीलाही लागायचा. दहा वर्षं मी दुसऱ्यांच्या रेषांवरून रेषा ओढल्या.

मग ते मशीन आलं. आलं म्हणजे, शेंगदाण्यांच्या पुडीत खडा यावा तसं आलं. एका तंत्रशिक्षण संस्थेने जुनं सामान विकायला काढलं होतं. साहेबांना त्यातले आठ शेगडे हवे होते. शेगडा म्हणजे काम घट्ट पकडून ठेवणारी लोखंडी पकड. शेगड्यांबरोबर हेही उचलावं लागेल, अशी संस्थेची अट होती. टेबलावर मावणारं, शिलाई मशीनपेक्षा थोडंसंच मोठं, पण रेडकाएवढं जड. परदेशात मुलांना शिकवण्यासाठी बनवलेलं सीएनसी, म्हणजे आकड्यांच्या हुकुमावर चालणारं, मिलिंग मशीन. सोबत इंग्रजी-जर्मन माहितीपुस्तक. ते पुस्तक कोणी उघडेना, म्हणून मी उघडलं. दोन महिने जेवणाच्या सुट्टीत डब्याशेजारी ठेवून वाचलं. पिठल्याचा डाग पान एकतीसवर अजून आहे.

मिलिंग म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. भोक पाडायचं ड्रिल सगळ्यांनी पाहिलेलं असतं. मिलिंगमध्येही फिरणारं कटर वरून खाली येतं, पण मग खालचं टेबल डावीउजवीकडे, मागेपुढे सरकतं. त्यामुळे नुसतं भोक न पडता खाच, चौकोन, गोल, हवा तो आकार कापता येतो. साध्या मशीनवर टेबल सरकवायला हाताने फिरवायची चाकं असतात. आमच्या मशीनवर चाकांच्या जागी मोटारी होत्या आणि त्यांना हुकूम आकड्यांत द्यायचा. इतकं उजवीकडे जा, इतकं खाली जा, थांब.

ही मोटार पावलापावलाने फिरते. एका हुकुमाला एक बारीकसं पाऊल. ती पावलं मोजते, पण खरोखर तिथे पोचली का हे बघायला तिला डोळे नसतात. डोळे बांधून, पावलं मोजत कोणी देवघरातून स्वयंपाकघरात निघालाय असं समजा. वाटेत पाटाला ठेचकाळून एक पाऊल कमी पडलं, तरी तो ठामपणे म्हणणार, मी ओट्यापाशी पोचलो. आणि हातातला कप भिंतीवर ठेवणार. आमच्या मशीनचं सगळं सुखदुःख ह्या एका गोष्टीत होतं: त्याचं पाऊल चुकू द्यायचं नाही.

दुसरी गोष्ट, वीज गेली की ते सगळं विसरायचं. म्हणून टाईप केलेले आकडे कॅसेटवर साठवायचे. गाण्यांची असते तीच साधी कॅसेट. एकदा काकांनी माझी कॅसेट उचलून दुपारच्या चहाला आपल्या टेपरेकॉर्डरमध्ये घातली. दहा मिनिटं नुसतं चींऽऽ चिर्रर्र चींऽऽ. काका मान डोलावत ऐकत बसले. शेवटी मला हाक मारली, "बाय, यो कुठला भजन गो? कोनी मांजराचे शेपटीवर पाय दिलाय वाटतं."

"काका, ते भजन नाही. तो पंधरा मिलिमीटरचा गोल आहे."

"गोल हाय? मना तं चौकोन वाटला."

वीज नुसती जायची असंही नाही, मध्येच तिचा दाब उतरायचाही. दिवे क्षणभर पिवळे व्हायचे, तेवढ्यात मशीन हुकूम विसरायचं आणि कटर पितळेत रुतून तुटायचं. कारण कळेना. मी वहीत तारीख-वेळ लिहायला सुरुवात केली. तीन आठवड्यांनी वही चाळली तर सगळ्या वेळा सव्वादहा, एक चाळीस आणि चारच्या आसपास. शेजारी बर्फाचा कारखाना होता. मी वही घेऊन तिकडच्या पटेलभाईंकडे गेले. त्यांनी वही उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "बेन, माझा कॉम्प्रेसर कधी चालू होतो ते मला पण एवढं नीट माहीत नव्हतं." मग असं ठरलं की कॉम्प्रेसर सुरू करण्याआधी त्यांचा माणूस मधल्या भिंतीवर पान्याने तीनदा ठोकेल. ठक ठक ठक ऐकलं की मी कटर वर उचलून घेई. मग विसरू दे मशीनला खुशाल, कॅसेट आहेच. हा मुद्दा यादीत नववा. नवीन माणसं दचकायची: भिंत वाजते आणि ही बाई "हो हो, झालं" म्हणून भिंतीला उत्तर देते.

सुटे भाग कुठेच मिळत नसत. मोटारीची फेरी टेबलाच्या स्क्रूपर्यंत पोचवणारा दातेरी पट्टा झिजला, तेव्हा मी त्याचे दात मोजले आणि तो पर्समध्ये घेऊन ठाणे स्टेशनच्या आसपासच्या सगळ्या दुरुस्तीवाल्यांकडे फिरले. झेरॉक्स मशीन दुरुस्त करणाऱ्या एकाकडे तो सापडला. दात तेवढेच, रुंदी किंचित जास्त. ब्लेडने कापून घेतला. तो पट्टा अजून आहे.

हे सगळं मी आनंदाने करत होते, पण मशीन करत काय होतं? खरं सांगायचं तर नावाच्या पाट्या आणि किरकोळ खाचा. नवरात्राच्या आधी कर्णिक साहेबांनी मला बोलावलं.

"देसाई बाई, मला तो कोपरा हवा आहे. पत्रा दाबायचा नवीन प्रेस येतोय."

"साहेब, मशीन चांगलं चाललंय."

"चाललंय हो. पण कुठे चाललंय? एक काम दाखवा. बाहेरचं, फक्त ह्याच मशीनवर होईल असं, आणि गिऱ्हाईक खूश होऊन घेऊन गेलं पाहिजे. कोजागिरीपर्यंत. नाहीतर मी भंगारवाल्याला सांगून ठेवलंय."

"आणि मी काय करायचं?"

"तुमचं ट्रेसिंगचं टेबल आहेच की," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात काही वाईट नव्हतं. त्यांना वाटत होतं, ते मला धीर देतायत.

त्या रात्री मी अमोनियाच्या वासाचा विचार करत भाकऱ्या थापल्या आणि तीन करपवल्या. वयाची चाळिशी आली होती. हे मशीन गेलं तर माझ्या हातात दुसरं कोणी देणार नव्हतं.

काम मिळालं ते जिन्यात. डोंबिवलीला आमच्या वरच्या मजल्यावर जोगळेकर वहिनी राहायच्या. दिवाळीच्या फराळाचा त्यांचा घरगुती उद्योग होता आणि त्यात चकली मुख्य. मी वर जाताना त्या पिशवी खुळखुळवत खाली येत होत्या. पिशवीतून त्यांनी मूठभर पितळी चकत्या माझ्या हातावर ओतल्या. सोऱ्याच्या तळाशी बसते आणि जिच्या चांदणीतून चकलीचं पीठ बाहेर येतं ती चकती.

"बघ सुनंदा. बारा बायका, बारा सोरे, बारा तऱ्हा. एकीच्या चकलीला काटे म्हणजे बाभूळ. दुसरीची निघते ती नळाची तोटी. एका घाण्यात तळल्या की जाड्या आतून कच्च्या आणि बारक्या करपलेल्या. गिऱ्हाईक विचारतं, वहिनी, एका पाकिटात दोन घरच्या चकल्या का? यंदा तर चोवीस बायका आहेत. भाजणी दळून झाली, कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी कढया चढतायत. मी आता भांड्यांच्या बाजारात चालले, पण तिथेही हेच."

चोवीस चकत्या. तंतोतंत सारख्या. हाताने चोवीस सारख्या चांदण्या कापणं अशक्य, आणि तेवढ्यासाठी साचा बनवणं कोणाला परवडणार नाही. मी जिन्यातच खाली बसले. "वहिनी, बाजारात जाऊ नका," म्हटलं. "मी करून देते."

"तू? तुझ्या चकलीला मागच्या वर्षी काय म्हणाले होते मी?"

"चकली नाही हो, चकती."

आठ टोकांची चांदणी मी कागदावर आखली, आकडे काढले, टाईप केले, आणि एक मिलिमीटरच्या नाजूक कटरने पहिली चकती कापली. इतकी देखणी की मी ती रुमालात गुंडाळून घरी नेली. वहिनींनी तिथल्या तिथे सोऱ्या भरला, एक चकली पाडली, तळली आणि माझ्यापुढे धरली.

"ही काय आहे?"

"चकली."

"ही जाड शेव आहे गोल फिरवलेली. काटा कुठाय? बोट फिरव. चकलीला काटा हवा, तो कुरकुरतो, बाकीची नुसती त्याला धरून असते."

त्यांचं बरोबर होतं, आणि चूक अशी होती की ती मी आधीच ओळखायला हवी होती. कटर गोल असतं. गोल वस्तू आतल्या टोकदार कोपऱ्यात शिरत नाही. गोल झाडू खोलीच्या कोपऱ्यात पोचत नाही तसंच. माझ्या चांदणीची आठही टोकं बोथट होती. त्याहून बारीक कटर पितळेत टिकलं नसतं. मशीनची मर्यादा होती ती, आणि माहितीपुस्तकात त्यावर उपाय नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी चकती म्हात्रेकाकांपुढे ठेवली. त्यांनी ती उजेडात धरून एक डोळा मिटला.

"तुजा मशीन शाना हाय बाय. पन त्याला कोपरा नाय कलत."

"तुम्हाला कळतो ना?"

काकांनी खणातून सुईसारखी बारीक तिकोनी कानस काढली. चकती शेगड्यात धरली आणि प्रत्येक कोपऱ्यात कानस घातली. एक, दोन, तीन. तीन घासे आणि बस. पुढचा कोपरा. पुन्हा तीन.

"चौथा का नाही?"

"चौथा मारला का काटा नाय ऱ्हात, सुई व्हते. तुज्या मशीननं सगले कोपरे सारके दिलेत, मंग माजे घासे पन सारके. नायतर मना दर कोपऱ्याला इचार करावा लागला असता. माज्या वयाला येवरा इचार बरा नाय."

हीच ती जोडी होती. मशीनने अंतर सारखं ठेवायचं, काकांनी कोपरा काढायचा. वहिनींनी दुसरा नमुना तळला, कानाशी धरून मोडला, आणि अर्धी चकली मला दिली. ही त्यांची पसंती.

इथे एक रुखरुख लिहून ठेवते. काका कानस कशी धरत, मनगट किती वळवत, दाब कुठल्या बोटाने देत, ह्यातलं काहीही माझ्या वहीत नाही. सगळ्या जगाच्या याद्या केल्या आणि शेजारी बसलेल्या माणसाच्या हाताची केली नाही. नंतर ते निवृत्त झाले. मी कानस धरून पाहते तेव्हा पहिलाच घासा तिरका जातो.

असो. दसऱ्याच्या आदल्या दिवसापर्यंत बारा चकत्या कापून, कानसून, नंबर घालून डब्यात होत्या. निम्मं काम झालं होतं.

दसरा आला. कारखान्यातला दसरा म्हणजे यंत्रांची पूजा. आदल्या दिवशी सगळी मशीनं रॉकेलने पुसायची, दसऱ्याला झेंडूच्या माळा, हळदकुंकू, अक्षता, नारळ, पेढे. त्या दिवशी लेथसुद्धा नवऱ्या मुलासारखा दिसतो. माझ्या मशीनला मी घरून मोत्याची जुनी माळ आणली होती. कर्णिक साहेब पूजेचं तबक घेऊन प्रत्येक मशीनपाशी येत होते. माझ्यापाशी आले तेव्हा मला काय सुचलं कोण जाणे. म्हटलं, "साहेब, एक मिनिट." आणि बाजूचं झाकण उघडलं. मोटारी, पट्टे, सगळं आतलं. वरवर पत्र्याला कुंकू लावून काय उपयोग, खरं काम तर आत चालतं, असं मला मनापासून वाटलं. साहेब हसले, त्यांनी आत हळदकुंकू वाहिलं, मी हात जोडले. काका म्हणाले, "आता पोटान पन देव गेला."

दसरा बुधवारी होता. गुरुवारी सकाळी मी सतरा मुद्दे तपासले, खुणा केल्या आणि तेरावी चकती कापली. चांदणी एका बाजूला फुगली होती. सात टोकं ठीक, आठवं जाड. चौदावी, तीच गत. पंधरावी, आणखी वाईट.

कॅसेट पुन्हा भरली. केबल काढून लावल्या. कटर बदललं. पटेलभाईंकडे जाऊन विचारलं, त्यांनी ठोकल्याशिवाय काही चालू केलं का? ते दुखावले. "बेन, मी उपासाला चुकेन, ठोकायला नाही चुकणार." संध्याकाळपर्यंत सतराच्या सतरा मुद्दे दोनदा झाले. यादी म्हणत होती सगळं ठीक आहे. चकती म्हणत होती ठीक नाही. माझ्यावर तोपर्यंत अशी वेळ आली नव्हती. यादी खोटी पडली तर पुढे काय बघायचं, हेच मला ठाऊक नव्हतं.

साहेब जाताना थांबले. डब्याशेजारी पडलेल्या तीन वाकड्या चकत्या उचलून पाहिल्या, परत ठेवल्या. "सोमवारी कोजागिरी," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. वागळे इस्टेटची सुट्टी शुक्रवारी असते आणि त्या दिवशी कारखान्याची वीजही बंद. तरी मी गेले. घरी बसून काय करायचं? रखवालदाराने दार उघडलं तर आत म्हात्रेकाका बाकावर बसून तंबाखू मळत होते.

"तुम्ही कसे?"

"तू येशील ता म्हाईत व्हता. आनि घरी नातवंडांनी डोका खाल्लाय."

वीज नव्हती, तेव्हा मशीन सुरू करून पाहण्याचा प्रश्नच नव्हता. आम्ही झाकण उघडलं आणि मी काही सुचत नाही म्हणून पट्ट्याचं दातेरी चाक हाताने फिरवायला लागले. मशीन चालू असताना ते इतक्या झपाट्याने फिरतं की काही कळत नाही. हाताने, सावकाश, पहिल्यांदाच फिरवत होते. सगळी इस्टेट शांत होती. एक फेरी. बोटांना काहीतरी लागलं, बारीक, जिन्याच्या शेवटच्या पायरीला पाय अडखळावा तसं. दुसरी फेरी. पुन्हा तिथेच. ह्या वेळी आवाजही आला. टक.

"काका, ऐकलंत?"

"फिरव."

टक.

आम्ही दोघांनी ढकलत मशीन टेबलासकट खिडकीपाशी नेलं. काकांनी चाकाच्या खालच्या बाजूला, जिथे वरून दिसत नाही तिथे, दाढीचा छोटा आरसा धरला. थोडा वेळ बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं खोकला आला. ते हसत होते.

"बाय, तुज्या मशीननं तांदूल खाल्ला."

चाकाच्या दोन दातांमध्ये अक्षतेचा एक दाणा बसला होता. कुंकू आणि ग्रीस मिळून त्याच्याभोवती लाल सिमेंट झालं होतं. दर फेरीला पट्टा त्या दाण्यावर चढायचा, मोटार अडखळायची आणि एक पाऊल चुकायची. मशीन मात्र बिचारं ठाम होतं की आपण ओट्यापाशी पोचलो. झाकण मी उघडलं होतं, मीच. ज्या बाईने धूळ जाऊ नये म्हणून मशीनला मेणकापडाचं आवरण शिवलं, तिनेच पोट उघडून त्यात तांदूळ टाकू दिले.

मी हसले नाही, मी रडले. काकांनी मला रडू दिलं, आणि पिनने तो दाणा उकरत म्हणाले, "देवानं परसाद दिला, त्यानं खाल्ला. त्याची कं चूक? तुजी पन नाय. तुज्या यादीन तांदूल नव्हता, येवराच." मग दाणा तळहातावर ठेवून मला दाखवला. "बघ. आख्खा हाय. कोलम वाटतो." तेव्हा मात्र मला हसू फुटलं, आणि आम्ही दोघं त्या रिकाम्या कारखान्यात इतके हसलो की रखवालदार बघायला आला.

चाक रॉकेलने धुतलं, तेल घातलं. यादीत अठरावा मुद्दा लिहिला. दुरुस्तीच्या वहीत मी रकाने आखलेले होते, तेही भरले. दोष: पावलं चुकणे. कारण: अक्षता. जबाबदार: सु. देसाई. ही वही साहेब दर शनिवारी वाचतात, हे मला माहीत होतं. शनिवारी त्यांनी वाचली. मी मशीनवर होते, वर बघायची हिंमत नव्हती. ते शेजारी येऊन उभे राहिले. खिशातून पेन काढलं आणि माझ्या नावापुढे लिहिलं, 'व कर्णिक.'

"तबक माझ्याच हातात होतं," ते म्हणाले आणि गेले. पण भंगारवाल्याला नको म्हणून सांगतो, असं काही म्हणाले नाहीत.

शनिवार आणि रविवारात मशीनने उरलेल्या बारा चकत्या कापल्या. काकांनी कोपरे काढले, तीन-तीन घासे. भिंत सहा वेळा वाजली, सहाही वेळा मी उत्तर दिलं.

सोमवारी वहिनींनी चकत्या घरी नेऊन बघायला साफ नकार दिला. "नंतर खराब निघाली तर मशीन ठाण्याला आणि मी डोंबिवलीला. मी तिथेच तळणार." दुपारी त्या कढई, तेलाचा डबा, दोन सोरे, मळलेली भाजणी आणि मदतीला एक भाची घेऊन रिक्षातून उतरल्या. मागच्या अंगणात चहाच्या स्टोव्हवर कढई चढली. वागळे इस्टेटमध्ये एरवी वंगण आणि वेल्डिंगचा वास. त्या दिवशी तीळ-ओव्याचा सुटला. शेजारून पटेलभाई न ठोकता आले.

चोवीस चकत्या, प्रत्येकीची एक चकली. वर्तमानपत्रावर नंबरवार मांडली. कर्णिक साहेब व्हर्नियर घेऊन आले. आम्ही मिलिमीटरचा पन्नासावा भाग मोजतो ते हत्यार. त्यांनी सातव्या नंबरची चकली गरम असतानाच त्यात धरली आणि ती खळ्ळकन मोडली.

"अहो साहेब," वहिनी झाऱ्या रोखून म्हणाल्या, "चकली दाताने तपासतात."

साहेबांनी दाताने तपासली. मग आठवी तपासली. मग एकोणिसावी. मग वहिनींना म्हणाले, "ह्यातल्या काही दसऱ्याच्या आधीच्या चकत्यांच्या आणि काही नंतरच्या. ओळखा." त्यांनी कागद फिरवून नंबर झाकले. वहिनींनी एकेक चकली उचलली, उजेडात धरली, बोट फिरवलं, मोडून कानाशी नेली. चार-पाच मोडून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मला नाही कळत. आणि मला कळत नाही म्हणजे कोणालाच कळणार नाही. सुनंदा, बांध चकत्या."

थोड्या वेळाने फाटकातून भंगारवाला आला. साहेबांनी सांगितलं होतं कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, तो बिचारा मोजमाप घ्यायला एक दिवस आधी आला होता. आत मशीन चालू होतं, अंगणाकडच्या दारातून दिसत होतं. वहिनींनी ऐनवेळी एक जादा चकती मागितली होती, ती कापली जात होती. पितळेचा चुरा उडत होता आणि टेबल आपोआप मागेपुढे होत होतं. तो दारात थबकला. भाचीने त्याच्या हातावर दोन चकल्या ठेवल्या. एक खाऊन त्याने मशीनकडे बोट केलं.

"साहेब, उचलायचंय ते हेच का?"

कर्णिक साहेबांचं तोंड भरलेलं होतं. त्यांनी मान हलवली, ती हो की नाही कोणालाच समजेना. मीच विचारलं, "साहेब, ही चकती झाली की काय लावू मशीनवर?"

साहेब घास गिळेपर्यंत वहिनींनीच कढईपाशी बसून उत्तर दिलं, "शेवेच्या चकत्या आहेत की. बारीक, मध्यम, जाड. प्रत्येकी चोवीस."

"ऐकलंत?" साहेब भंगारवाल्याला म्हणाले. "प्रेसला मी दुसरा कोपरा बघतो."

भंगारवाल्याला अजिबात वाईट वाटलं नाही. "चालतं मशीन मी नेत नाय साहेब," तो म्हणाला, "रात्री झोप लागत नाय." आणि दुसरी चकली काटा न मोडता, जपून, खिशातल्या रुमालात बांधून घेतली.